डी ड्राइव्हमधले आबा

ती हार्डडिस्क खराब झाली नव्हती. तिच्यावरचा डेटा मी पुसला होता, माझ्या हाताने, दिवसाढवळ्या, दुकानात बसून. आणि मग ज्यांचा डेटा होता त्यांच्याच घरी जाऊन, त्यांचाच चहा पीत, मी सांगितलं की डिस्क गेली. एवढं आधी सांगून टाकतो. पुढे कुठे मी माझ्या कामाची फुशारकी मारली तर ती किती खरी धरायची, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

भुकूमला, पौड रस्त्याला लागूनच, माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी मूळचा औसा तालुक्यातला. दुकान टाकलं तेव्हा समोर भाताची शेतं होती, आता समोर बारा मजले आहेत. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. सोसायटीतली मंडळी येतात आणि म्हणतात, "बॉस, सिस्टीम क्रॅश झालीय, अर्जंट आहे." गावातली मंडळी येतात, मशीन टेबलावर आदळतात आणि म्हणतात, "डबा बंद पडलाय." दोघांवर औषध बहुतेक वेळा एकच असतं. सगळं पुसायचं आणि विंडोज नव्याने टाकायचं. आमच्या धंद्यात याला फॉरमॅट मारणं म्हणतात.

फॉरमॅट मारताना लोकांचे फोटो, कागदपत्रं उडू नयेत म्हणून आम्ही दुरुस्तीवाल्यांनी एक पद्धत पाडून घेतली. डिस्कचे दोन भाग करायचे. एक सी, त्यात विंडोज. दुसरा डी, त्यात माणसाचं स्वतःचं सामान. मशीन बिघडलं की सी उडवायचा, डीला हात लावायचा नाही. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगायचो, "महत्त्वाचं सगळं डीला ठेवा. डीला ठेवलं की निर्धास्त राहा."

कासार आंबोलीच्या शोभावहिनींनी माझं ऐकलं होतं. अगदी शब्दशः ऐकलं होतं.

त्यांचं घर शेतकऱ्याचं. नवरा कंपनीत शिफ्टला, घरची भाताची खाचरं सासरे बघायचे. त्यांना सगळे आबा म्हणत. शोभावहिनींनी पौडला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून घरी एक जुना कॉम्प्युटर आणि एक छोटा कॅमेरा आला. आबांची तब्येत खालावायला लागली तेव्हा या बाईंच्या डोक्यात एक कल्पना आली. आबांना कॅमेऱ्यासमोर शेतातून चालवायचं. प्रत्येक खाचराचं नाव, त्याचा बांध कुणी घातला, पाणी कुठून फोडायचं, कुठल्या कोपऱ्यात काय पिकतं, सगळं आबांच्या तोंडून वदवून घ्यायचं. चौदा खाचरं, चौदा व्हिडिओ. सगळे नीट डीला ठेवले.

आबा गेल्यावर महिनाभराने मशीन सारखं अडकायला लागलं आणि माझ्याकडे आलं. व्हायरस होता, साधं काम. टेबलावर त्या दिवशी आणखी तीन मशीनं उघडी पडली होती. विंडोज टाकताना एक पडदा येतो, त्यावर सी-डी अशी नावं नसतात. नुसतं भाग एक, भाग दोन असं लिहिलेलं असतं आणि पुढे आकार. शहाणा माणूस डी मोठा ठेवतो, म्हणजे आकारावरून ओळखू येतो. मला टापटीप आवडायची, म्हणून मी डिस्क बरोबर मधोमध कापत असे. दोन्ही भाग सारखे. फोन वाजला, तो मी खांद्यात धरला, बोलत बोलत एक भाग निवडला, पुसला आणि पुढे दाबत गेलो.

अर्ध्या तासाने मशीन चालू झालं. मी डी उघडला आणि आत जुनं विंडोज बसलेलं दिसलं. जे उडायला हवं होतं ते जागेवर, आणि जे जपायचं होतं त्याच्यावर नवं विंडोज.

त्या वेळी गेलेला डेटा परत काढायचं काम मला येत नव्हतं. एक फुकटचं सॉफ्टवेअर लावून बघितलं, कचरा आला. मग मी ती डिस्क काढून ठेवली, मशीनमध्ये नवी घातली, आणि कासार आंबोलीला पोचवायला गेलो. वाटेत ठरवून टाकलं काय सांगायचं ते.

ओसरीवर बायका जमल्या होत्या. आबांना बघायला! शेजारच्या चौघीजणी सतरंजीवर बसलेल्या, मध्ये शोभावहिनींच्या सासूबाई. त्यांना मी माई म्हणतो. माईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला होता, नवरा समोर येऊन बसणार असल्यासारखा.

मी म्हणालो, "डिस्क खराब झाली, माई. आतलं काही वाचलं नाही. वॉरंटीत नवी बसवून दिलीय." आणि मग, आपलं म्हणणं पक्कं वाटावं म्हणून, मी शोभावहिनींना एक प्रश्न विचारला. आजवरच्या आयुष्यातलं माझं सगळ्यात वाईट वाक्य तेच. मी विचारलं, "कॉम्प्युटर चालू असताना कधी मेन बटण डायरेक्ट बंद केलं होतं का?"

ती बाई खोटं बोलली असती तर सुटली असती. ती म्हणाली, "व्हय, येकदा. आबांना दवाखान्यात न्यायचं व्हतं त्या दिवशी. घाईत."

"त्यानेच जाते," मी म्हणालो.

माई वळल्या आणि चार बायांसमोर सुनेला म्हणाल्या, "माणूस बी त्याच दिवशी गेलं घरातनं, आन् आवाज बी तूच घालवलास."

मी कपातला चहा संपवला आणि निघालो.

तेव्हापासून दर वर्षी दिवाळी झाली की त्या घरातून माझ्याकडे नव्या आंबेमोहराची एक गोणी येते. डिस्क बदलून दिली, एक पैसा न घेता दिली, म्हणून. बारा गोण्या आल्या. भात शिजायला लागला की वास सगळ्या घरात पसरतो, बायको म्हणते, "किती माणुसकीची माणसं आहेत." आणि मी ताटावर वाकून जेवतो.

त्यानंतर मी डेटा परत काढायचं काम शिकलो. का शिकलो, ते वेगळं सांगायला नको. पण शिकलो आणि वेडा झालो! या कामासारखी झिंग दुसऱ्या कशात नाही. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांना मी तलाठ्याच्या दप्तराचं उदाहरण देतो. समजा, गावातल्या सगळ्या जमिनींची नोंदवही कुणी फाडून टाकली. जमीन कुठे गेली? कुठेच नाही. बांध तिथेच, आंबे तिथेच. फक्त कुणाचं काय आणि कुठून कुठवर, हे सांगणारा कागद राहिला नाही. फॉरमॅट म्हणजे तो कागद फाडणं. पुढे विंडोज टाकलं की त्या मोकळ्या दिसणाऱ्या जमिनीवर काही ठिकाणी बांधकाम होतं. जिथे स्लॅब पडला तिथलं शेत कायमचं गेलं. बाकीचं तसंच राहतं, कुणी पाय ठेवेपर्यंत. म्हणून पहिला नियम असा, की डेटा गेला असं कळताच मशीन बंद करा आणि त्यावर एक अक्षरही नवीन लिहू नका.

मग आम्ही काय करतो? वही नाही तर वावरातून चालत जातो, पीक बघून ओळखतो. हे भात, ही नाचणी. फोटोच्या फाइलची सुरुवात एका ठरावीक खुणेने होते, व्हिडिओची दुसऱ्या. ती खूण सापडली की तिथून धरायचं आणि उपटून काढायचं. नाव मिळत नाही, तारीख मिळत नाही, पण पीक हाती लागतं.

एका बंगल्यातल्या निवृत्त साहेबांचे अकरा हजार फोटो मी असे काढून दिले. साहेब स्क्रीनवर बघत बसले आणि थोड्या वेळाने माझ्यावरच डाफरले, "यातले निम्मे हललेले आहेत! हे काय काम झालं?"

त्यांच्या मिसेस शेजारून म्हणाल्या, "ते काढलेच तसे होते तुम्ही. दादांनी जसेच्या तसे आणलेत."

हरलोही आहे. आता नव्या लॅपटॉपमध्ये फिरती चकती नसलेली डिस्क येते. ती पुसलेली जागा स्वतःच झाडून काढते, मागे काही ठेवत नाही. सूसच्या सोसायटीतले एकजण विंडोज टाकून तीन दिवसांनी आले. मुलीच्या पहिल्या वर्षाचे फोटो गेले होते. "दादा, यू आर द एक्सपर्ट, काहीतरी करा ना," म्हणत राहिले. दोन दिवस झटलो, एक फोटो आला नाही. जाताना त्यांनी दारात विचारलं, "तुमच्या हातून कधी कुणाचा डेटा गेलाय?"

"नाही," मी म्हणालो. सहज म्हणालो. इतका सराव झाला होता.

आता कुणीही विचारेल, की काम शिकलास तर ती कासार आंबोलीची डिस्क काढून का बघितली नाहीस? ती होती माझ्याकडे. फेकवली नाही, वापरवली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावरच्या खोक्यात ठेवली होती. काढली नाही, कारण डेटा परत आला असता तर त्याच्याबरोबर माझं खोटंही बाहेर आलं असतं. मेलेली डिस्क बोलायला लागली हे कुणाला कसं सांगणार होतो?

गेल्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर शोभावहिनी दुकानात आल्या. पिशवीत मुलीचा लॅपटॉप. मुलगी आर्या आता इंजिनियरिंगला आहे.

"भाऊ, आर्यानं घरीच विंडोज टाकलं. मोबाईलवर बघून बघून. आता तिचं कॉलेजचं समदं गायब. पोरगी सकाळधरनं जेवली न्हाई." मग हसून म्हणाल्या, "आन् आदीच सांगते हां, ह्या टायमाला म्या बटण दाबलेलं न्हाई. हात बी लावला न्हाई."

मी लॅपटॉप उघडता उघडता थांबलो. "म्हणजे, वहिनी?"

"अवो, आबांच्या टायमाला न्हाई का? अजून घरात टीव्ही बंद करायचा आसला तर आत्याबाई म्हणत्यात, हिच्या हातात बटण देऊ नका." आत्याबाई म्हणजे माई. वहिनी हसतच होत्या. "आता चेष्टंनं म्हणत्यात. आदी चेष्टंनं न्हाई म्हणायच्या. पयली चार-पाच वर्सं तर धड बोलल्या न्हाईत माज्याशी. ताट वाढलं तर सरकवून द्यायच्या."

मी मान खाली घालून लॅपटॉप बघू लागलो. दहा मिनिटांत काम झालं. आर्याने डिस्क पुसली नव्हती, वरूनच विंडोज टाकलं होतं. अशा वेळी विंडोज जुनं सामान फेकत नाही, ते एका खोलीत ढकलून ठेवतं. विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर. काही दिवसांनी ते आपोआप साफ होतं, पण तोवर सगळं आत असतं. ही सगळ्यांना ओरडून सांगण्यासारखी माहिती आहे, वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. आर्याचं सगळं त्यात होतं.

"येवढ्यात?" वहिनी उठून उभ्याच राहिल्या. "जादूगार हायेत तुमी भाऊ! मंग आबांचं बी असंच..." आणि त्यांनी स्वतःच मान हलवली. "न्हाई. ती तर जळली व्हती. आत्याबाईंना आता नीट दिसत न्हाई. परवा म्हनल्या, दिसलं नसतं तरी आवाज ऐकला असता गं."

त्या गेल्या. मी शटर अर्धं ओढलं, स्टुलावर चढलो आणि माळ्यावरचा खोका खाली काढला. वर्तमानपत्र पिवळं पडलेलं. आत डिस्क, तिच्यावर माझ्याच अक्षरात मार्करने लिहिलेलं, 'आंबोली'.

आणि डिस्क हातात घेतल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. खोटं टिकवायला म्हणून मी ही डिस्क मशीनमधून काढली होती. काढली म्हणून बारा वर्षांत तिच्यावर कुणीही काहीही लिहिलेलं नव्हतं! मी तेव्हा खरं बोललो असतो तर डिस्क त्याच मशीनमध्ये राहिली असती, तिच्यावर गाणी, सिनेमे, पोरांचे गेम चढले असते. स्लॅबवर स्लॅब पडले असते. माझ्या लबाडीने ते शेत कुंपण घालून ठेवल्यासारखं राहिलं होतं. यात माझी काही पुण्याई नाही, हे मला कळतं. पण गुरुवारपर्यंत थांबणंही माझ्या जिवावर आलं.

गुरुवारी दुकान बंद असतं. सकाळी आठलाच जाऊन बसलो. आता खरा धोका असा, की इतकी वर्षं पडून राहिलेली डिस्क कधी कधी फिरतच नाही. आतली चकती जाम होते. आणि फिरली तरी किती वेळ फिरेल, सांगता येत नाही. म्हणून जुन्या डिस्कवर थेट काम करायचं नसतं. आधी तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची, मग नकलेवर हवा तेवढा खेळ करायचा.

वायर जोडली. पॉवर दिली. काही नाही. कान लावला. एक बारीक कुरकुर झाली, मग भुंग्यासारखा आवाज चढत गेला आणि स्थिर झाला. फिरली! मी तिला म्हणालो, "शाब्बास गं माझे बाई." दुकानात कुणी नव्हतं ते बरं झालं.

नक्कल सुरू झाली. दहा टक्के. तीस टक्के. एकसष्ट टक्क्यांवर अडकली. डिस्क टक-टक करायला लागली, वाचते, चुकते, पुन्हा वाचते. आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे लहान पोराला माहीत आहे. मी सगळी तयारी केली आणि हेच विसरलो. इन्व्हर्टरने धरलं, पण त्याची बॅटरी जुनी. पंखा बंद केला. दिवा बंद केला. शेवटी मॉनिटरही बंद केला, तेवढीच बचत. आणि अंधाऱ्या दुकानात मी त्या डिस्कवर कान ठेवून बसलो. टक-टक. टक-टक. थांब. पुन्हा टक. मग अचानक तो सलग भुंग्याचा आवाज. ती अडचण ओलांडून पुढे गेली होती! मी नुसत्या आवाजावरून सांगू शकत होतो की आता ती पळतेय.

वीज आली तेव्हा नक्कल पूर्ण झाली होती. जुनी डिस्क मी काढून पुन्हा कागदात गुंडाळली. आता गेली तरी चालणार होतं.

मग शोध. दुपारपर्यंत चाळीस हजारांवर फाइली वर आल्या, सगळ्या बिननावाच्या, नुसते आकडे. त्यातून व्हिडिओ वेगळे केले. पहिला उघडला, काळा. दुसरा, कुणाच्या तरी हळदीतला नाच. तिसरा उघडला तर आधी चिखल दिसला. मग चिखलातले दोन पाय. मग कॅमेरा वर आला आणि धोतर, बंडी, कपाळाला आठ्या.

"लागला का गं क्यामेरा?"

"लागलाय आबा. बोला तुमी."

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याने पलीकडून हाक मारली, "काय झालं ओ? करंट लागला का?"

"नाही, नाही! सापडले!"

"कोण सापडले?"

"आबा!"

गिरणीवाला शटरखालून डोकावून माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि निघून गेला.

आबा बोलत होते. "ह्ये वडाचं खाचर. ह्यो बांध माज्या आज्यानं घातला. हितनं पाणी फोडायचं न्हाई, तितनं फोडायचं. हितनं फोडलं तर खालचं गाळाचं खाचर बोंबलतं." पुढच्यात, "ह्ये लांबुळकं. ह्यात आंबेमोहर लई गोड येतो, का ते इचारू नको, येतो." मागून शोभावहिनींचं हसू. प्रत्येक व्हिडिओत त्या होत्या, पण कॅमेऱ्यामागे. नुसता आवाज.

मी एकेक खाचर मोजत गेलो. बारा अगदी धडधाकट आले. तेरावा मध्ये मध्ये तुटत होता, पण शेवटपर्यंत चालला. त्याच्या शेवटी आबा थकून बांधावर बसले आणि हात पुढे करून म्हणाले, "आन तो क्यामेरा हिकडं. फुडचं शेवटचं निंबाखालचं खाचर तू दाव. म्या तुजा फोटू काडतो. तुला बी दिसू दे की कदी."

तिथे तो संपला.

चौदावा शोधायला मी संध्याकाळपर्यंत बसलो. वेगळी तीन सॉफ्टवेअरं लावली. जिथे तो असायला हवा होता त्या जागेवर मी बारा वर्षांपूर्वी टाकलेलं विंडोज बसलं होतं. स्लॅब नेमका तिथे पडला होता.

घरी जाताना माझ्या डोक्यात एक फार सोपा विचार आला, तोही कबूल करतो. सांगायचं, माई, आता टेक्नॉलॉजी सुधारलीय, जळलेल्या डिस्कमधूनही काढता येतं. तेरा व्हिडिओ द्यायचे. माई मला ओवाळतील. मी देवमाणूस होईन. आणि शोभावहिनी जन्मभर बटणाला हात लावणार नाहीत.

रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन कासार आंबोलीला गेलो. माई ओसरीवर एकट्याच उन्हाला बसल्या होत्या. आवाजावरून मला ओळखलं.

"कॉम्पुटरवाला का? ये बाबा. शोभी खळ्याव हाय, भात झोडाया. तुजी गोणी काडून ठिवायला सांगितलीया म्या."

"माई, आधी माझं ऐका. लॅपटॉप उघडायच्या आधी ऐका." आणि मी सगळं सांगितलं. दोन सारखे भाग, फोन, चुकीचा भाग, खोटी वॉरंटी, बटणाचा प्रश्न. सांगता सांगता मी रडलो. मग सांगितलं की आबांचा आवाज या पिशवीत आहे.

माईंचा हात पिशवीकडे गेला, तिच्यावरून फिरला, आणि मागे आला.

"माज्याम्होरं कशाला रडतुयास?" त्या म्हणाल्या. "माजं काय गेलं? त्यांचा आवाज गेला, त्यो तू आनलास. तिची बारा वर्सं गेली. तिला सांग."

"बोलावून आणतो त्यांना."

"बोलवायचं न्हाई. तू जायाचं." त्यांनी काठी घेतली आणि उठल्या. "आन् येकटीला गाठून कानात सांगू नको. तिला म्या बोल लावला तो चार बायांम्होरं. तितं चौघी हायेत, त्याच हायेत. त्यांच्याम्होरं सांग."

"माई, आधी एकदा आबांना ऐकून तरी घ्या."

"ते थांबत्याल. बारा वर्सं थांबल्यात."

खळं घरामागे थोड्या अंतरावर. माईंचा हात धरून मी बांधावरून चाललो. हाच बांध मी गुरुवारी पडद्यावर पाहिला होता. वडाचं खाचर मी ओळखलं. लांबुळकं ओळखलं. खळ्यावर बायका पेंढ्या आपटत होत्या, धूळ उडत होती. माईंना येताना बघून सगळ्यांचे हात थांबले.

"काय वो आत्याबाई, हिकडं कशापायी आलात?" शोभावहिनींनी तोंडावरचा फडका खाली घेतला. "भाऊ, तुमी? आर्याचा लॅपटॉप परत बिगडला का?"

"ह्यो काय सांगतुया त्ये ऐका समद्याजणी," माई म्हणाल्या. "आन् हा बोलून झाला की मला बी बोलायचं हाय."

मी बोललो. जे माईंना सांगितलं तेच, फक्त या वेळी रडलो नाही. एक म्हातारी मध्येच पुटपुटली, "आगं बया." शोभावहिनींच्या हातात पेंढी तशीच होती.

"म्हंजी," त्या सावकाश म्हणाल्या, "बटणानं काय झालंच न्हवतं?"

"नाही. काहीच झालं नव्हतं."

"म्या बटण दाबलं तवा आबा गाडीत बसल्याले. हाक मारत व्हते, चल गं चल गं. म्या दर बारीला तेच आटवती. दोन मिनटं थांबून नीट बंद केलं आस्तं तर, आसं." त्यांनी पेंढी खाली ठेवली. "समदे आले का परत?"

"तेरा आले."

त्यांनी डोळे वर केले. "कुठला न्हाई?"

मला वाटतं, त्यांना उत्तर माहीत होतं.

"निंबाखालचा," मी म्हणालो. "आबांनी कॅमेरा हातात घेतला होता तो. तुम्ही ज्यात दिसत होता तो. त्याच्यावर मी विंडोज टाकलं, वहिनी, तो आता कुणालाच परत आणता येणार नाही. तो तुम्ही घालवला नाही. डिस्क खराब झाली नव्हती, बटणानेही काही झालं नव्हतं. तो मी घालवला, आणि बारा वर्षं तुमच्या नावावर ठेवला. मला माफ करा."